प्रेम, प्रीती आणि माया

आपल्या उपासनेत, प्रवचनांत आणि भक्तिगीतांत वारंवार येणाऱ्या शब्दांची कोणी गणती केली, तर ‘प्रेम’ हा शब्द बराच वरच्या स्थानी असेल यात शंका नाही. देवाचे मानवावरील प्रेम, शेजाऱ्यावरील प्रेम, शत्रूवरील प्रेम, पती-पत्नींचे प्रेम, मातेचे प्रेम. नाती निराळी, प्रसंग निराळे, परंतु शब्द एकच. हे मराठीच्या दारिद्र्यामुळे झालेले नाही. आपले बरेचसे धार्मिक वाङ्मय इंग्रजीतून मराठीत येते आणि इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘लव्ह’ हा एकच शब्द असतो. भाषांतरकार त्या शब्दासमोर ‘प्रेम’ हा शब्द ठेवतो आणि पुढे जातो.

इंग्रज माणूस देवावर ‘लव्ह’ करतो, पत्नीवर करतो, मुलांवर करतो आणि आंब्यावरही करतो. मराठी माणूस आंब्यावर प्रेम करीत नाही. त्याला आंबा आवडतो. लेकरावर त्याची माया असते, मित्राशी स्नेह असतो, शेजाऱ्याबद्दल जिव्हाळा वाटतो आणि वासराचा त्याला लळा लागतो. इंग्रजीने एका शब्दात बांधलेले हे भाव आपल्या घरच्या भाषेत वेगवेगळ्या नावांनी नांदत आले आहेत. मग उपासनेच्या भाषेत ते वेगळेपण का नसावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्ही प्रथम त्या इंग्रजी शब्दाचा इतिहास पाहू, नंतर मराठी पर्यायांची पारख करू आणि शेवटी हिंगोली जिल्ह्यातील नरसी या गावी जाऊ. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ते परंपरेने ओळखले जाते, आणि त्या शिंप्याच्या घराने आमच्या विचाराला निश्चित दिशा दिली आहे.

इंग्रजी शब्दाची कुळकथा

प्रथम एक नवलाची गोष्ट. इंग्रजी ‘लव्ह’ आणि आपला ‘लोभ’ हे दोन शब्द भाषाशास्त्रदृष्ट्या सख्खे भाऊ आहेत. संस्कृतातील ‘लुभ्’ या धातूचे आणि ‘लव्ह’ या शब्दाचे मूळ एकच, प्राचीन इंडो-युरोपीय भाषेतील आहे. एका भावाला इंग्रजीत सर्वोच्च मान मिळाला. दुसरा आपल्याकडे सात घोर पापांच्या यादीत जाऊन बसला. तरीही मराठीने त्याला पूर्णपणे वाळीत टाकले नाही. जुन्या पत्रांच्या अखेरीस ‘लोभ असावा’ किंवा ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ असे लिहीत असत. तेथे तो भावाचे जुने ऋण फेडत असतो.

‘प्रेम’ आणि ‘प्रीती’ हे शब्द संस्कृतातील ‘प्री’ या धातूपासून आले आहेत. प्रसन्न करणे, संतोष देणे असा त्याचा अर्थ. इंग्रजीत मित्राला जो ‘फ्रेंड’ शब्द आहे, तोही याच कुळातला. म्हणजे मुळाकडे पाहिले तर ‘प्रीती’ हा शब्द ‘लव्ह’पेक्षा मैत्रीच्या अधिक निकट आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने शिष्यांना सेवक न म्हणता मित्र म्हटले, हे संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आपण वाचतो. तो प्रसंग सांगताना ‘प्रीती’ हा शब्द किती चपखल बसतो, हे यावरून लक्षात यावे.

‘लव्ह’ हा शब्द बायबलमध्ये सुखासुखी आलेला नाही. नव्या करारात संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. मूळ ग्रीकमध्ये तेथे ‘अगापे’ हा शब्द आहे. लॅटिन भाषांतरात त्याचे ‘कारितास’ झाले. 1526 साली विल्यम टिंडेल यांनी छापलेल्या इंग्रजी नव्या करारात तेथे ‘लव्ह’ हा शब्द घातला, तेव्हा संत थॉमस मोर यांनी 1529 मध्ये त्यावर कडक आक्षेप घेतला. त्यांचा मुद्दा साधा होता: ‘लव्ह’ हे सामान्य नाम आहे, बरेवाईट सर्व प्रकारचे आकर्षण त्यात येते. प्रत्येक ‘लव्ह’ म्हणजे ‘चॅरिटी’ नव्हे. देवापासून येणाऱ्या आणि देवाकडे नेणाऱ्या भावाला स्वतंत्र नाव हवे.

वादात केवळ शब्द गुंतलेला नव्हता, त्यामागे ख्रिस्तसभेच्या अधिकाराचा मोठा प्रश्न होता. पुढे मोर यांना 1535 मध्ये आणि टिंडेल यांना 1536 मध्ये प्राणदंड झाला. दोघांची कारणे वेगळी होती. मोर यांना 1935 साली संतपद मिळाले. 1582 च्या कॅथलिक ऱ्हीम्स भाषांतराने ‘चॅरिटी’ ठेवला. 1611 च्या किंग जेम्स भाषांतरानेही त्या अध्यायात तोच ठेवला. 1881 च्या सुधारित आवृत्तीत मात्र ‘लव्ह’ परतला. एव्हाना ‘चॅरिटी’ला भिक्षा आणि दानधर्म एवढाच संकुचित अर्थ आला होता. अर्थात टिंडेल यांच्या शब्दाचा अखेर विजय झाला. पण मोर यांनी दाखविलेली अडचण संपली नाही, ती फक्त पुढे ढकलली गेली.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 च्या नाताळदिनी आपल्या पहिल्या परिपत्रकावर स्वाक्षरी केली. त्याचा विषयच देवाची प्रीती हा होता. प्रारंभीच त्यांनी या शब्दाच्या अतिवापराकडे आणि गैरवापराकडे लक्ष वेधले. देशावर, व्यवसायावर, मित्रांवर, आईबापांवर, देवावर असलेल्या भावांना आपण एकच शब्द लावतो. मग हे सारे मुळात एकच आहे की निरनिराळे, असा प्रश्न त्यांनी केला. ‘एरोस’ म्हणजे ओढीचे, घेऊ पाहणारे प्रेम आणि ‘अगापे’ म्हणजे देणारे प्रेम, ही दोन्ही एकमेकांपासून पूर्णपणे तोडता येत नाहीत, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन आम्ही पुढे नामदेवांच्या एका पदाशी ताडून पाहणार आहोत.

ग्रीक भाषेत आणखी दोन शब्द आहेत: मैत्रीसाठी ‘फिलिया’ आणि घरच्या मायेसाठी ‘स्तोर्गे’. संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या एकविसाव्या अध्यायात प्रभू पेत्राला तीनदा विचारतो. पहिल्या दोन वेळा ‘अगापे’च्या कुळातील क्रियापद आहे, तिसऱ्या वेळी ‘फिलिया’च्या कुळातील. पेत्राने तिन्ही वेळा ‘फिलिया’च्याच कुळातील क्रियापदाने उत्तर दिले. या फरकाला फार महत्त्व देऊ नये, योहान हे दोन्ही शब्द अदलून बदलून वापरतो, असे म्हणणारे विद्वान पुष्कळ आहेत. ते मान्य केले तरी इंग्रजी वाचकाला तो फरक दिसतच नाही, हे खरे. मराठीत ‘प्रीती’ आणि ‘प्रेम’ असे दोन शब्द हाताशी असल्याने आपण तो दाखवू शकतो.

आपल्या शब्दांची पारख

आता मराठी शब्द एकेक करून पाहू. ‘प्रेम’ हा शब्द संतवाङ्मयात सर्वव्यापी आहे. भक्ताच्या कंठातील गहिवर त्याने व्यक्त होतो. परंतु चित्रपट आणि कादंबरी यांनी गेल्या शतकात त्याचा बराचसा भाग तरुण-तरुणींच्या आकर्षणाच्या नावे करून दिला. खेड्यात ‘त्या दोघांचं प्रेम आहे’ असे कोणी म्हणाले, तर ऐकणाऱ्याला दुसरा अर्थ सुचत नाही.

‘प्रीती’ला नेमका उलटा अनुभव आला. ती बोलीतून जवळजवळ गेली, नाट्यगीतांत आणि बायबलच्या मराठी परंपरेत उरली. नित्याच्या वापरातून गेल्यामुळे ती स्वच्छ राहिली, परंतु थोडी थंडही झाली. कोणतीही आई ‘माझी माझ्या लेकरावर प्रीती आहे’ असे म्हणणार नाही.

‘स्नेह’ म्हणजे मुळात तेल, स्निग्धता. संक्रांतीला तिळगूळ देताना ज्या गोडव्याची अपेक्षा असते, त्यात तिळातील तेलाचाही वाटा आहे. हा शब्द बरोबरीच्या नात्यांचा. त्यात घर्षण कमी होते, पण जीव ओवाळून टाकणे नाही. ‘ममता’ शब्दात ‘मम’ म्हणजे ‘माझे’ आहे. म्हणूनच तिच्यात वात्सल्य असूनही मालकीची छटा येते, आणि वैराग्याचा उपदेश करणारे तिला सोडायला सांगतात. ‘लळा’ लागतो, तो लावता येतो, पण त्याची आज्ञा करता येत नाही. ‘जिव्हाळा’ हा जिव्हारी लागणाऱ्या जागेचा शब्द आहे. नखाखालच्या जिव्हाळीला टोचले म्हणजे जो ठणका लागतो, तो ज्यांनी अनुभवला आहे त्यांना ‘जिव्हाळा’ हा शब्द कोठून आला हे सांगावे लागत नाही. दुसऱ्याचे दुःख आपल्या जिव्हाळीला लागणे, हा त्याचा गाभा.

आणि ‘दया’. इंग्रजीत ‘मर्सी’ आणि ‘लव्ह’ हे दोन वेगळे कप्पे आहेत. मराठी माणूस मात्र निर्दय मनुष्याबद्दल ‘त्याला दयामाया नाही’ असे सहज बोलून जातो. दया आणि माया त्याच्या तोंडी जोडीनेच येतात. देवाच्या स्वभावाबद्दल आपली शुभवर्तमाने जे सांगतात, त्याच्या हा जोडशब्द किती जवळ आहे!

भाषांतरकारांचा वारसा

ख्रिस्ती मराठीने शब्दांची ही निवड पूर्वी किती जाणतेपणाने केली, हे पाहण्याजोगे आहे. 1579 साली गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात त्यांनी स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास संकोच केला नाही. मराठी भाषेच्या थोरवीविषयी त्यांनी गायिलेल्या ओव्या तर शाळेतील मुलांनाही ठाऊक असतात. परकीय भाषेत जन्मलेल्या माणसाने आपला शब्दकोश या मातीतून उचलला.

1811 साली विल्यम केरी यांच्या सेरामपूर येथील छापखान्यातून मराठी नवा करार निघाला आणि भाषांतरांची दुसरी परंपरा सुरू झाली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या स्त्रियांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. 1922 साली त्या निवर्तल्या, ग्रंथ 1924 साली पूर्णपणे प्रसिद्ध झाला. जड संस्कृत शब्द, विशेषतः ज्यांना वेदान्ताचा वास आहे असे शब्द, त्या टाळू पाहत होत्या. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861-1919) उलट मार्ग धरला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. संतांची भाषा त्यांनी ओलांडली नाही. ती सोबत आणली. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले आणि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले.

हे सर्व मार्ग आदरणीय आहेत. रमाबाईंची शंका आणि टिळकांचा विश्वास या दोहोंच्या मध्ये एक शब्द मात्र उंबरठ्यावर थांबलेला दिसतो. घरात तो सर्वांत जवळचा, पण बायबलच्या भाषेत अवघडलेला. तो शब्द म्हणजे ‘माया’. त्याची परीक्षा करण्यास नरसीइतकी योग्य जागा नाही.

नरसीचा शिंपी

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्या विस्तृत सीमेतच तो येतो. कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी हे गाव आज ‘नरसी नामदेव’ म्हणूनच ओळखले जाते. जिल्ह्यातीलच औंढा नागनाथ येथे नामदेवांना विसोबा खेचर भेटले, अशीही परंपरा आहे. नामदेवांचा काळ सामान्यतः 1270 ते 1350 मानतात. वडील दामाशेटी, आई गोणाई आणि घरात शिंप्याचा व्यवसाय. उत्तरायुष्यात ते पंजाबात गेले. तेथील घुमान गावी 2015 च्या एप्रिलमध्ये अठ्ठ्याऐंशीवे मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. मराठी गाथेत नामदेवांच्या नावे पुढील काळातील नामधारकांच्याही रचना मिसळलेल्या आहेत, तेव्हा एकेका अभंगावर फार भार देऊ नये. परंतु त्यांच्या भक्तीचे स्वरूप निर्विवाद आहे. तेथे देव म्हणजे हट्ट पुरविणारी माउली, आणि भक्त म्हणजे लाडावलेले लेकरू. गाय आणि वासरू, पक्षिणी आणि पिल्ले या प्रतिमा त्यांच्याकडे पुनःपुन्हा येतात.

ग्रंथसाहिबातील गोंड रागात असलेले त्यांचे एक पद आमच्या विषयासाठी फार मोलाचे आहे. वासरावाचून तगमगणारी गाय आणि पाण्यावाचून तडफडणारा मासा या प्रतिमांनी त्याचा आरंभ होतो. लक्षात घेण्याजोगे असे की येथे व्याकुळ झालेली गायच आहे, वासरू नव्हे. मोठ्याला लहानाची ओढ आहे. पुढे नामदेव एक धाडसी उपमा देतात. परस्त्रीच्या ठायी कामी पुरुषाचे मन जसे गुंतते, तसे आपले मन मुरारीच्या ठायी गुंतले आहे, असा त्याचा आशय. कोणीही धर्मोपदेशक ही तुलना करण्यास कचरेल. परंतु शब्दयोजना पाहावी: कामी पुरुषाच्या ओढीला त्यांनी ‘हेत’ हा शब्द लावला आणि स्वतःच्या भावाला ‘प्रीति’. ओढीचा जोर एक, शब्द मात्र दोन. पोप बेनेडिक्ट यांनी ‘एरोस’ आणि ‘अगापे’ यांच्याबद्दल सातशे वर्षांनंतर जे विवेचन केले, त्याचे बीज एका शिंप्याच्या शब्दनिवडीत आधीच होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. देवाकडे जाण्यासाठी ओढ मारून टाकावी लागत नाही. तिचे नाव आणि दिशा बदलावी लागते.

नामदेवांची दुसरी प्रसिद्ध कथा कुत्र्याची आहे. कुत्रा पोळी घेऊन पळाला, तेव्हा नामदेव काठी न घेता तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले; कोरडी पोळी कशी खाणार, ही त्यांची चिंता. ही कथा इतिहास म्हणून नव्हे, तर लोकांनी नामदेवांना कसे ओळखले याचे चिन्ह म्हणून वाचावी. तेथे ‘प्रेम’ हा शब्द कमी पडतो. कुत्र्यावर नामदेवांचे ‘प्रेम’ होते असे म्हणणे थोडे हास्यास्पद वाटते. त्याची त्यांना ‘माया’ आली म्हटले की सर्व जुळते.

‘माया’ : गुण आणि दोष

आता त्या शब्दाची खरी अडचण सांगितली पाहिजे. माया म्हणजे भ्रम, मिथ्या पसारा हा वेदान्तातील अर्थ मराठीत खोल रुजला आहे. ‘मायाजाल’, ‘मायामोह’ आणि ‘मायावी’ हे शब्द त्यातूनच आले. संतांच्या अभंगांतही हा अर्थ वारंवार भेटतो. शिवाय ‘पुष्कळ माया जमवली’ म्हणजे पुष्कळ पैसा जमवला. एकाच शब्दात भ्रम, धन आणि वात्सल्य! रमाबाईंसारख्या दक्ष भाषांतरकारांची शंका अगदी योग्य ठरते. संत योहानाने देवाच्या स्वरूपाविषयी केलेले प्रसिद्ध विधान ‘माया’ या शब्दाने भाषांतरित केले, तर देव हाच भ्रम आहे असा विपरीत अर्थ निघेल. तेथे ‘प्रीती’ हाच शब्द हवा, यात आम्हांस तिळमात्र संशय नाही.

परंतु घरच्या भाषेने ही अडचण व्याकरणाने सोडविली आहे. माया ‘आहे’ असे नुसते म्हटले तर अर्थ डळमळतो. ‘लेकरावर माया आहे’, ‘माया लावली’, ‘माया केली’ असे म्हटले की भ्रमाचा अर्थ तत्काळ गळून पडतो. कोणावर तरी असते, कोणाला तरी लावली जाते, तीच ही माया. ‘देवाची आपल्यावर माया आहे’ हे वाक्य नरसीच्या कोणत्याही आजीला निःसंदिग्ध समजेल. मराठवाड्यात आईला ‘माय’ म्हणतात. ‘माय’ आणि ‘माया’ यांच्या व्युत्पत्ती वेगळ्या असल्या, तरी कानाला ती मायलेकच वाटतात. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पंडितांची माया आणि जात्यावर बसणाऱ्या बायांची माया यांत किती अंतर आहे, हे त्या ओव्यांत शिरणाऱ्याला सहज उमगते.

लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बापाने पुत्राला दुरून पाहिले तेव्हा त्याला काय झाले? ग्रीक क्रियापद ‘स्प्लांख्ना’ म्हणजे आतडी या शब्दापासून बनले आहे. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आणि नाईन गावच्या विधवेच्या प्रसंगातही तेच आहे. इंग्रजी ‘कंपॅशन’ हा शब्द आतड्यांपर्यंत पोचत नाही. मराठी मात्र पोचते. ‘आतडे तुटणे’, ‘पोटात कालवणे’, ‘आतड्याची माया’ हे प्रयोग आपल्याला कोणा ग्रीक पंडिताने शिकविले नाहीत. हिब्रू भाषेत करुणेचा शब्द गर्भाशयाच्या शब्दाशी जोडलेला आहे. शुभवर्तमानाच्या मूळ भाषा आणि मराठवाड्याची बोली यांच्यामध्ये इंग्रजी उभी राहिल्यामुळे आपण एकमेकांस ओळखले नाही, एवढेच.

या शब्दाचा आणखी एक अर्थ शब्दचर्चेत क्वचितच येतो; तो शिंप्याच्या दुकानात ऐकू येतो. कापड बेतताना शिवणीच्या आतल्या बाजूस जो जादा भाग सोडतात, त्याला ‘माया’ म्हणतात. वाढत्या मुलाचे कपडे शिवायला टाकताना आई हटकून सांगते, ‘माया ठेवा.’ त्या मायेची दोन कामे असतात. ती नसेल तर टाके कापडाच्या कडेतून निसटतात आणि शिवण उसवते. आणि मूल वाढले की शिवण उसवून, माया सोडून, तोच सदरा मोठा करता येतो. बाहेरून ती दिसत नाही. नामदेवांनी आसा रागातील एका पदात मनाला गज आणि जिभेला कात्री म्हटले आहे. आपल्या व्यवसायाची अवजारे त्यांनी भक्तीत नेली. शिवणीतल्या मायेची जोड मात्र आमची आहे, त्यांची नव्हे. तरीही संत पौलाने त्या तेराव्या अध्यायात प्रीतीचे जे गुण सांगितले, म्हणजे सहनशीलता, स्वार्थ न पाहणे, सर्व काही सोसणे, ते या साध्या कारागिरीच्या शब्दात जितके स्पष्ट दिसतात, तितके कोणत्याही कोशात दिसत नाहीत. दुसऱ्याच्या वाढीसाठी आपल्यातली जागा आधीच राखून ठेवणे, ही माया.

कशासाठी हा काथ्याकूट?

कोणी म्हणेल, शब्द कोणताही असो, भाव पोचला म्हणजे झाले. आमची तक्रार हीच आहे की भाव पोचत नाही. विवाहसंस्काराच्या वेळी वधूवर एकमेकांना आजन्म प्रेमाचे आणि आदराचे वचन देतात. चित्रपटांनी शिकविलेला ‘प्रेम’ शब्द त्यांच्या कानी असेल, तर त्यांना वाटते की हृदयाची धडधड टिकवायची हे वचन आहे. ती धडधड दोन-चार वर्षांत मंदावते आणि मग वचनही संपले असे त्यांना वाटू लागते. विवाहपूर्व मार्गदर्शनात कोणी त्यांना समजावून सांगितले, की तुम्ही ओढ, स्नेह, निष्ठा आणि माया अशा चारही गोष्टींचे वचन देत आहात, आणि पहिली मंदावली तरी उरलेल्या तिन्हींना शिवण धरून ठेवता येते, तर कित्येक घरे सावरतील. शत्रूवरील प्रेमाची आज्ञा ऐकून आपल्यातील प्रामाणिक माणसे गोंधळतात, तेही याचमुळे. शत्रूचा लळा लागावा, अशी आज्ञा प्रभूने दिलेली नाही. लळ्याची आज्ञा करता येत नाही. त्याचे भले चिंतावे आणि करावे, ही ‘प्रीती’ची आज्ञा आहे, आणि ती इच्छाशक्तीने पाळता येते.

दुसरी बाब पुढील पिढीची. हिंगोली, सेनगाव, वसमत, कळमनुरी येथून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मुले पुण्या-मुंबईस जातात. त्यांना ‘लव्ह’ ठाऊक असते. ‘लळा’, ‘जिव्हाळा’, ‘कळवळा’ हळूहळू परके होतात. आजी ‘माया’ म्हणते आणि नातू ‘लव्ह यू’ म्हणतो. दोघांचा भाव खरा असतो, पण नातवाच्या शब्दात जे मावत नाही ते आजीबरोबर जाते. 1963 च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेला दार उघडले. लोकभाषेत उपासना करायची म्हणजे इंग्रजीची मराठी छाया म्हणायची नव्हे. लोक ज्या शब्दांनी रडतात, लेकरांना निजवितात आणि मृतांना निरोप देतात, ते शब्द वेदीपर्यंत आणायचे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. सिद्धान्त सांगताना ‘प्रीती’ हा शब्द राखावा; तो स्वच्छ आहे आणि परंपरेने पवित्र झाला आहे. माणसामाणसांतील नात्यांविषयी बोलताना नात्यागणिक स्नेह, लळा, जिव्हाळा, ममता हे शब्द सढळपणे वापरावेत. आणि देवाच्या आपल्यावरील भावाविषयी प्रवचनात, घरच्या प्रार्थनेत आणि विशेषतः अंत्यविधीच्या वेळी बोलताना ‘माया’ या शब्दाला निःसंकोच जागा द्यावी. ‘प्रेम’ला हद्दपार करावे असे आम्ही म्हणत नाही, त्याच्या एकट्याच्या शिरावरचे ओझे थोडे हलके व्हावे, इतकेच.

आपल्या धर्मग्रामातील वृद्ध माता-भगिनी अजून ज्या शब्दांनी देवाशी बोलतात, ते शब्द मुलांनी त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यावेत, अशी आमची वाचकांस विनंती आहे. या कामास मोठी संस्था लागत नाही. एक वही पुरे.